आईच्या तारखा

संजय दत्त यांचा जन्म २९ जुलै १९५९चा, रीमा लागू यांचा २१ जून १९५८चा. दोघांत तेरा महिन्यांचं अंतर. तरीही १९९९च्या ‘वास्तव’मध्ये रीमा या संजय दत्त यांच्या आई आहेत आणि चित्रपटगृहात बसलेल्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही. पावभाजीच्या गाडीवरून थेट गुन्हेगारीत ओढला गेलेला रघू आणि त्याच्या काळजीने झुरणारी शांता हे खरे मायलेक नाहीत, असं म्हणायला जीभ रेटत नाही.

या किमयेत थोडा मेकअप आहे, बराच अभिनय आहे, पण अकरा वर्षांच्या सवयीचा वाटाही मोठा आहे. १९८८पासून हिंदी प्रेक्षक या बाईंना आई म्हणूनच ओळखत होता. सहाय्यक कलाकाराचं पडद्यावरचं आयुष्य कसं चालतं, म्हणजे काम कुठून येतं, पैसे कशाचे मिळतात, चेहरा ओळखीचा झाला की फायदा काय आणि तोटा काय, हे रीमा लागू यांच्या कामावरून फार छान समजतं. रंगभूमी, समांतर सिनेमा, बडा हिंदी सिनेमा, दूरदर्शनच्या काळातली विनोदी मालिका आणि पुढे रोज चालणारी मालिका, या सगळ्या ठिकाणी त्यांनी काम केलं होतं.

आधी सेटवरची उतरंड पाहू. वर नायक-नायिका. त्यांच्या खाली सेकंड लीड, म्हणजे नायकाचा भाऊ, मित्र, क्वचित खलनायक. मग कॅरेक्टर आर्टिस्ट: आई, वडील, काका, वकील, डॉक्टर, इन्स्पेक्टर. त्याखाली एक-दोन दिवसांचं काम असलेले कलाकार, आणि सर्वांत खाली ज्युनिअर आर्टिस्ट. ज्युनिअर आर्टिस्टांची संघटना वेगळी, दर वेगळा, जेवणाची रांगही बहुतेक ठिकाणी वेगळी. बाकीचे सारे ‘सिंटा’ या कलाकार संघटनेचे सभासद असतात किंवा व्हायच्या खटपटीत असतात.

नायकाचा मोबदला बाजारावर ठरतो. पोस्टरवर त्याचा चेहरा असला की चित्रपट किती किमतीला विकला जाईल, हा हिशेब. कॅरेक्टर आर्टिस्टच्या नावावर चित्रपट विकला जात नाही. त्यामुळे त्याचा मोबदला ठरतो दिवसांवर. करारात ठरीव रक्कम लिहिलेली असली तरी दोन्ही पक्षांनी मनातल्या मनात तिला दिवसांनी भागलेलं असतं. या माणसाकडे विकायला खरं तर एकच वस्तू असते, ती म्हणजे तारखा. बाकी सगळं, चेहरा, आवाज, अनुभव, त्या तारखांचा भाव वाढवण्यासाठी.

रीमा मूळच्या नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या अभिनेत्री. ‘लेकुरे उदंड जाली’मुळे जुन्या नाट्यरसिकांना त्या माहीत आहेत. लहानपणी ‘बेबी नयन’ या नावाने चित्रपटांत कामं, पुण्याच्या हुजूरपागेत शाळा, मग नाटक. आणि मुंबईत युनियन बँक ऑफ इंडियात नोकरी.

बँकेची ही नोकरी चरित्रातला किरकोळ तपशील समजून पुढे जाऊ नये. त्या पिढीची मराठी रंगभूमी बँका, आयुर्विमा, रेल्वे, महापालिका यांच्या पगारपत्रकांवर उभी होती. संध्याकाळी सुटणारं ऑफिस, मग तालीम, शनिवार-रविवार प्रयोग आणि वर्षातून एकदा आंतरबँक नाट्यस्पर्धा. सुरुवातीच्या वर्षांत सहाय्यक कलाकाराला सगळ्यात महाग पडते ती नाही म्हणण्याची चैन. एक तारखेला पगार जमा होत असेल तर ती परवडते. नको ती भूमिका सोडता येते, चार दिवसांचं पण चांगल्या दिग्दर्शकाचं काम कमी पैशांत घेता येतं. अच्युत पोतदार यांचंच पाहा. आधी सैन्यात, मग इंडियन ऑइलमध्ये अधिकारी, आणि चाळिशी उलटल्यावर पडद्यावर. ‘रंगीला’त उर्मिला मातोंडकरचे वडील ते आणि आई रीमा. म्हणजे त्या पडद्यावरच्या घरात एकजण तेल कंपनीतून आलेला आणि दुसरी बँकेतून.

रीमा यांची चित्रपटातली सुरुवातीची कामं अशीच छोटी पण चांगल्या हातची आहेत. १९७९चा जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’, १९८०चा गोविंद निहलानी यांचा ‘आक्रोश’, १९८१चा श्याम बेनेगल यांचा ‘कलयुग’. या दिग्दर्शकांना कास्टिंग डायरेक्टर नावाचा प्राणी लागत नव्हता, ते नाटकं पाहत. निहलानींनी सदाशिव अमरापूरकरांना ‘हँड्स अप’ या मराठी नाटकात पाहिलं आणि ‘अर्धसत्य’मधला रामा शेट्टी त्यांना देऊन टाकला. १९८३च्या त्या एका भूमिकेने अमरापूरकरांना फिल्मफेअरचा सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार दिला आणि पुढची वीस वर्षं लागेल तेवढं कामही. शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या अंधारात तिसऱ्या रांगेत कोण बसलंय यावर नशीब फिरायचं, ते असं. रीमा याच काळात जयवंत दळवींच्या ‘पुरुष’मध्ये अंबिका करत होत्या. अत्याचार झालेली आणि शेवटी त्याचा हिशेब चुकता करणारी मुलगी. समोर नाना पाटेकर. ज्यांनी ते नाटक पाहिलं, त्यांना या बाईंमध्ये पुढे सगळ्या देशाला दिसलेली सोशिक आई दिसली असेल असं मला वाटत नाही.

मग आई कशी झाली?

१९८८चा ‘कयामत से कयामत तक’. आमिर खान आणि जुही चावला, दोघंही नवीन, विशीतले. जुहीची आई रीमा, वय एकोणतीस. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरअखेर ‘मैंने प्यार किया’. दिग्दर्शक सूरज बडजात्या यांचा पहिलाच चित्रपट, सलमान खानची नायक म्हणून पहिली भूमिका आणि त्याच्या आईच्या भूमिकेत रीमा. सलमान १९६५चा, म्हणजे मायलेकांत साडेसात वर्षांचं अंतर. चित्रपट देशभर धोधो चालला, आणि त्याबरोबर एक साचा तयार झाला.

या साच्याची गरज का पडली ते बघण्यासारखं आहे. सत्तरच्या दशकातली हिंदी आई निरुपा रॉय यांच्या चेहऱ्याची होती: गरीब, बहुधा विधवा, मुलाच्या बंडाची नैतिक बाजू सांभाळणारी. ती आई चाळिशीकडे झुकलेल्या संतप्त नायकाला शोभत होती. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी नायक एकदम वीस-बावीस वर्षांचा झाला, श्रीमंत घरात राहायला गेला, त्याचा प्रश्न उपासमारीचा न राहता प्रेमाचा झाला. त्याला आई हवी होती ती मुलाचं गुपित ओळखणारी, नवऱ्याला आवाज न चढवता समजावणारी, हसली तर घर उजळेल अशी. पन्नाशीतल्या नेहमीच्या आया त्या घरात परक्या वाटल्या असत्या. तिशीतल्या रीमा फिट्ट बसल्या. मृदू आवाज, स्वच्छ उच्चार, आणि नाटकातून आलेली एक सवय: समोरचा बोलत असताना खरोखर ऐकण्याची.

साचा म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण पटकथेच्या बाजूने पाहिलं तर साचा ही काटकसर आहे. तीन तासांच्या चित्रपटात आईची ओळख करून द्यायला लेखकाला मिळतो जेमतेम एक प्रसंग. कलाकार ओळखीचा असेल तर तोही लागत नाही. इफ्तेखार दारातून आत आले की हे पोलीस खात्यातले वरिष्ठ, हे कळायला पाटी लागत नसे. जगदीश राज यांनी तर १४४ चित्रपटांत पोलीस रंगवला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. या माणसांनी लेखकांची किती पानं वाचवली असतील! निर्माता पैसे देतो ते या वाचलेल्या वेळेचे. म्हणून साच्यात बसलेल्या कलाकाराला कामाचा तुटवडा नसतो, आणि म्हणूनच साच्याबाहेरचं काम त्याला कोणी देत नाही. दोन्हीचं कारण एकच.

‘आशिकी’, ‘साजन’, ‘हम आपके हैं कौन’, ‘रंगीला’, ‘जुडवा’, ‘येस बॉस’, ‘कुछ कुछ होता है’... मुलं बदलत गेली. ‘हम आपके हैं कौन’मध्ये रीमा माधुरी दीक्षित आणि रेणुका शहाणे यांच्या आई, आणि त्या दोघीही त्यांच्यापेक्षा जेमतेम आठ-नऊ वर्षांनी लहान. वयाचा हिशेब या जगात अभिनेत्रीच्या बाबतीत भलताच वेगाने चालतो. रोहिणी हट्टंगडी यांनी ‘गांधी’त कस्तुरबा केल्या, बाफ्टाचा सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळवला, आणि १९९०च्या ‘अग्निपथ’मध्ये स्वतःपेक्षा बऱ्याच मोठ्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या. नायकाचं वय थांबलेलं असतं, नायिका दर पाच वर्षांनी बदलते, आणि त्यांच्यातून बाहेर पडलेल्या किंवा आत कधी शिरताच न आलेल्या चांगल्या अभिनेत्रीला तिशीतच पांढऱ्या केसांची बट लावली जाते. हा अन्याय आहे, यात वाद नाही. पण त्या बटेवर तीस वर्षं घर चालतं, हेही तितकंच खरं.

आता तारखांचा कारभार. समजा, एका चित्रपटात आईचं काम वीस दिवसांचं आहे. हे वीस दिवस सलग कधीच येत नाहीत. बंगल्याच्या आतले प्रसंग एका वेळापत्रकात, लग्नाचं गाणं दुसऱ्या, हॉस्पिटलचा एक दिवस तिसऱ्या. आणि जवळजवळ प्रत्येक दिवशी तिचं नायकाबरोबर ‘कॉम्बिनेशन’ असतं, म्हणजे दोघंही हजर हवेत. नायकाची तारीख हलली की आईची आपोआप हलते. उलटं कधी होत नाही. म्हणून बाकीचे दिवस रिकामे जाऊ नयेत यासाठी ती एका वेळी चार-पाच चित्रपट हातात ठेवते, आणि मग एका चित्रपटाची तारीख हलली की उरलेल्या चारांची मोट बांधताना तिच्या सेक्रेटरीची पुरेवाट होते. आठ तासांची शिफ्ट संपवून त्याच दिवशी दुसऱ्या स्टुडिओत दुसरी शिफ्ट करणं हा नव्वदच्या दशकातला रिवाजच होता. सकाळी बांद्र्यात श्रीमंत आई, संध्याकाळी गोरेगावात गरीब. निर्मात्यांना कॅरेक्टर आर्टिस्टचा आवडता गुण विचारा, अभिनय दुसऱ्या क्रमांकावर येईल. पहिला गुण, ‘ॲडजस्ट करतात’.

पैसे हप्त्यांनी: साइनिंगला थोडे, मग कामाच्या टप्प्यांवर, शेवटचा हप्ता डबिंगच्या वेळी. या शेवटच्या हप्त्यात एक मेख होती. तेव्हा शूटिंगच्या वेळचा आवाज फक्त मार्गदर्शक म्हणून ठेवत आणि सगळे संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा बोलले जात. चित्रपट पूर्ण व्हायला कलाकाराचा आवाज लागायचाच. त्यामुळे ‘आधी चेक, मग डबिंग’ हे लहान कलाकाराच्या हातातलं एकमेव हत्यार होतं. २००१च्या ‘लगान’नंतर सेटवरच आवाज घेण्याची पद्धत मोठ्या हिंदी चित्रपटांत रुजत गेली. अभिनयाच्या दृष्टीने ती सरस, कारण त्या क्षणीचा श्वास टिकतो. पण थकबाकी वसूल करायची ती जुनी वाट बरीचशी बुजली, आणि याबद्दल फारसं कोणी बोललं नाही.

मग प्रत्यक्ष कॅमेऱ्यासमोर ती करते काय? जेवणाच्या टेबलाचा एक साधा प्रसंग घेऊ. मुलगा सांगतो, मला अमुक मुलीशी लग्न करायचंय. वडील ताट सरकवून उठतात. आई गप्प. कागदावर तिला एकही वाक्य नाही.

प्रथम मास्टर शॉट: सगळं टेबल, सगळा प्रसंग, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. यात आईने मुलाच्या कुठल्या शब्दावर पोळी वाढली, पदर कुठल्या खांद्यावरून सरकवला, हे दिग्दर्शनाची एक सहाय्यक टिपून ठेवते. पुढचे तीन तास तिला ती पोळी त्याच शब्दावर वाढायची आहे. मग कॅमेरा वडिलांच्या मागे जातो आणि मुलाचा क्लोज लागतो. आता आईकडून हवं असतं फक्त ‘सजेशन’: चौकटीच्या कोपऱ्यात तिचा खांदा आणि अंबाड्याची कड दिसली की झालं. त्या खांद्यासाठी ती खुर्चीवर अवघडून, थोडी पुढे सरकून बसते, कारण कॅमेऱ्यासाठी जागा ‘चीट’ केलेली असते. खऱ्या जेवणात कोणी असं बसणार नाही, पडद्यावर मात्र ते बरोबर दिसतं. मुलाचे सात टेक होतात. सातही वेळा ती त्याच्याकडे खऱ्या नजरेने बघते, कारण समोर खरी नजर मिळाली तर त्याचा टेक चांगला जातो. चांगला कॅरेक्टर आर्टिस्ट असा स्वतः न दिसता शॉटमध्ये असतो.

तिचा स्वतःचा क्लोज लागतो सर्वांत शेवटी. प्रकाश बदलण्यात दीड तास गेलेला, पोळ्या वातड झालेल्या, आणि नायक कित्येकदा पुढच्या शिफ्टला निघून गेलेला. त्याची वाक्यं एखादा सहाय्यक सपाट आवाजात वाचतो, कॅमेऱ्याच्या बाजूला धरलेल्या मुठीकडे बघून ती मुलाकडे बघितल्यासारखं करते. डोळ्यांत पाणी नेमकं तेव्हाच यावं अशी अपेक्षा. येतं.

एडिटिंगच्या टेबलावर हा मुका क्लोज सोन्याच्या भावाचा ठरतो. मुलाच्या तिसऱ्या टेकमधलं पहिलं वाक्य आणि सहाव्यातलं दुसरं वाक्य एडिटरला जोडायचं असतं, पण हात वेगळ्या जागी, केस वेगळे. मध्ये आईचा चेहरा टाकला की सांधा दिसत नाही. शिंपी फाटक्या जोडावर पट्टी बसवतो तशी ही पट्टी. पण ती दिसायला मात्र भावनेसारखी हवी. प्रेक्षकाला वाटतं, इथे दिग्दर्शकाने आईची प्रतिक्रिया मुद्दाम दाखवली. कधी मुद्दाम असते, कधी निकड. दोन्ही वेळा तिने दिलेलं काम तेवढंच चोख असावं लागतं. रीमा यांचे ‘मैंने प्यार किया’मधले क्लोज या नजरेने पुन्हा पाहावेत. त्या ऐकतात, आणि ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावर एकामागून एक दोन विचार येतात. पहिला मुलाच्या बाजूचा, दुसरा नवऱ्याच्या. सलमानची त्या वेळची संवादफेक आठवली तर या क्लोजनी किती ओझं उचललं आहे ते कळेल.

‘वास्तव’मध्ये महेश मांजरेकरांनी हा साचाच वापरला आणि शेवटी उलटा केला. दहा वर्षं माफ करत आलेली आई हातात पिस्तूल घेते आणि पोटच्या पोराला त्याच्या यातनांतून सोडवते. हाच प्रसंग अनोळखी अभिनेत्रीने केला असता तर धक्का बसला असता, पण एवढा आतून नाही. गंमत म्हणजे ‘वास्तव’ आला १९९९च्या ऑक्टोबरात आणि नोव्हेंबरात आला ‘हम साथ-साथ हैं’, ज्यात रीमा मैत्रिणींच्या कानभरणीला भुलून थोरल्या मुलाला घराबाहेर काढणारी, कैकेयीच्या वळणाची आई आहेत. महिनाभराच्या अंतराने एकाच चेहऱ्याच्या दोन आया. साच्याच्या आत किती जागा असते ते त्या महिन्यात दिसलं.

पुरस्कारांचं सांगायचं तर फिल्मफेअरने सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार सुरू केला तेव्हा पहिली मानकरी मराठीच होती, ‘बादबान’साठी उषा किरण. राष्ट्रीय पुरस्कारांत सहाय्यक भूमिकांचा गट यायला मात्र १९८४ उजाडावं लागलं. अभिनेत्रींमधला पहिला मान ‘पार्टी’साठी रोहिणी हट्टंगडी यांचा. रीमा यांना फिल्मफेअरची नामांकनं चार मिळाली: ‘मैंने प्यार किया’, ‘आशिकी’, ‘हम आपके हैं कौन’ आणि ‘वास्तव’. पुरस्कार एकदाही नाही. ‘आशिकी’च्या वर्षी तो गेला ‘अग्निपथ’मधल्या आईकडे. ‘वास्तव’च्या वर्षी ‘बीवी नंबर वन’साठी सुष्मिता सेन यांच्याकडे. त्यावर मी काही बोलत नाही.

सिनेमात साचा घट्ट होत होता तेव्हा रीमा यांनी तो फोडला कुठे, तर दूरचित्रवाणीवर. ज्या १९९४च्या ऑगस्टमध्ये ‘हम आपके हैं कौन’ लागला, त्याच वर्षी सचिन पिळगांवकर दिग्दर्शित ‘तू तू मैं मैं’ सुरू झाली. सून सुप्रिया, सासू रीमा. पडद्यावर डोळ्यांत पाणी आणणारी बाई इथे कमरेला पदर खोचून भांडत होती, आणि विनोदाचं टायमिंग असं की टाळी आपोआप पडावी. त्याच सुमारास ‘श्रीमान श्रीमती’तली कोकिला कुलकर्णी आली. शेजारणीवर डोळा ठेवणाऱ्या नवऱ्याच्या भूमिकेत जतीन कनाकिया, बाजूच्या घरात राकेश बेदी आणि अर्चना पूरण सिंग. हिंदीतली सर्वांत लाडकी आई दर आठवड्याला लाटणं हातात घेण्याच्या बेतात असे.

मालिकेत हे शक्य झालं त्यालाही कारण आहे. चित्रपटाचा प्रेक्षक तिकीट काढून नायकाकडे येतो. साप्ताहिक विनोदी मालिकेत नायकच नसतो, चार-पाच माणसांचा संच असतो, आणि संच चालवायला नाटकात मुरलेली माणसं लागतात. एका दिवसात दहा-बारा पानं, तीन कॅमेरे, रिटेकला सवड नाही. अशा ठिकाणी व्यावसायिक नाटकाचे शेकडो प्रयोग केलेला कलाकार निम्म्या वेळात काम उरकतो. मराठी आणि गुजराती रंगभूमीवरच्या कलाकारांनी नव्वदच्या दशकातली हिंदी विनोदी मालिका भरून टाकली, ती याच जोरावर. ललिता पवारांनाही दूरचित्रवाणीने उतारवयात ‘रामायण’मधली मंथरा दिली होती, पण तिथे त्यांचा सिनेमातला साचाच पुढे चालला. रीमा यांच्या बाबतीत दूरचित्रवाणीने अगदी उलट केलं.

२०००च्या जुलैत ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ आली आणि सगळा व्यवसायच बदलला. रोज एक भाग म्हणजे रोजचं शूटिंग. इथे कलाकाराचा दर दिवसाचा असतो आणि महिन्याला किमान अमुक दिवस काम, असं करारात लिहून घेतात. शिफ्ट बारा तासांची, प्रवास वेगळा. आणि पैसे? या धंद्यातली रूढ मुदत नव्वद दिवसांची, म्हणजे जानेवारीत केलेल्या कामाचे एप्रिलमध्ये, तेही सगळं सुरळीत असेल तर. मालिका अर्ध्यात बंद पडली की शेवटच्या तीन महिन्यांसाठी फेऱ्या मारायच्या. म्हणून मुरलेला कलाकार भूमिका ऐकायच्या आधी निर्मात्याचा इतिहास विचारतो.

मालिकेत सहाय्यक कलाकाराचं आयुष्य ‘ट्रॅक’वर असतं. ट्रॅक म्हणजे त्याचं उपकथानक. दर गुरुवारी टीआरपी येतो आणि त्यावर पुढच्या दिवसांचे प्रसंग ठरतात. मावशीच्या कारस्थानाला आकडे मिळाले की मावशीला महिन्यात बावीस दिवस काम. आकडे पडले की मावशी गावाला. मालिकांमधली माणसं इतक्या वेळा तीर्थयात्रेला का जातात, याचं उत्तर इथे आहे. पात्राला मारत नाहीत, कारण उद्या लागलं तर परत आणता यावं. तोवर कलाकाराचा किमान दिवसांचा करार संपत आलेला असतो.

२०१६मध्ये स्टार प्लसवर ‘नामकरण’ सुरू झाली. रीमा त्यात दयावंती मेहता: करारी, निष्ठुर, घरावर हुकूमत गाजवणारी बाई. सिनेमातल्या आईने जे दिलं नव्हतं ते या खाष्ट आजीने दिलं, पानभर संवाद आणि रोजचा संघर्ष. १८ मे २०१७ रोजी हृदयविकाराने त्यांचं निधन झालं, वय ५८. मालिका चालूच होती.

अशा वेळी रोजच्या मालिकेची यंत्रणा काय करते? हाताशी शूट झालेल्या भागांची थोडी ‘बँक’ असते, ती काही दिवस पुरते. तेवढ्यात लेखक त्या पात्राचे प्रसंग बाजूला ठेवतात आणि वाहिनी दुसऱ्या कलाकाराशी बोलणी करते. दयावंतीची भूमिका रागिणी शाह यांच्याकडे गेली. चित्रपटात एकदा केलेली भूमिका कायम त्या कलाकाराच्या नावावर राहते, ‘मैंने प्यार किया’ची आई दुसरी कोणी होऊ शकत नाही. मालिकेत भूमिका वाहिनीच्या मालकीची असते. यात निष्ठुरपणा आहे असं वाटतं, पण त्या सेटवर शे-दीडशे माणसांची रोजची हजेरी लागलेली असते आणि मालिका थांबली तर तीही थांबते.

आज सुरुवात करणाऱ्या कलाकाराला तिसऱ्या रांगेतल्या दिग्दर्शकाची वाट पाहत बसावं लागत नाही. कास्टिंग डायरेक्टरच्या ऑफिसातून फोनवर दीड पान येतं, घरातल्या भिंतीसमोर मोबाइल उभा करून सेल्फ टेस्ट पाठवायची, आधी नाव, उंची, मग डावी-उजवी बाजू. वीस-वीस वर्षं काम केलेल्यांनाही हे चुकत नाही. काहींना तो अपमान वाटतो. मला ते बरं वाटतं. निदान भूमिका ओळखीवर न देता पाहून दिली जाते. ओटीटीवरच्या मालिकांत आई-वडील-हवालदारांना आता स्वतःचे भाग मिळतात आणि वेळापत्रक एकसलग असल्याने तारखांची ओढाताण थोडी कमी होते.

मराठी कलाकाराची कसरत मात्र वेगळीच राहिली आहे. ठाण्यात किंवा मढला मालिका, आणि शनिवार-रविवारी नाटक. शुक्रवारी रात्री पॅक-अप लांबला की शनिवारी दुपारचा पुण्याचा प्रयोग टांगणीला. तेव्हा करार करताना पहिला प्रश्न पैशांचा नसतो. ‘प्रयोगाचे दिवस सोडाल का?’ असं विचारलं जातं. तोंडी ‘बघू, ॲडजस्ट करू’ असं उत्तर आलं तर अनुभवी माणूस ते वाक्य कागदावर मागतो, आणि नाटकाच्या पुढच्या तीन महिन्यांच्या तारखा त्याच बैठकीत निर्मिती व्यवस्थापकाच्या मोबाइलवर पाठवून मोकळा होतो.